भरभराट बँकेचा तिसरा चोर

केसरने त्या चोराला पकडलं तेव्हा त्याच्या तोंडावर काळा रुमाल होता, बगलेत थैली होती आणि पायात एकच वहाण होती.

१९५८ सालचा मार्गशीर्ष. गुरुवार असल्यामुळे अलिबागच्या बाजारात मासळीला गिऱ्हाईक बेताचंच होतं. थळहून आणलेली पाटी पुढ्यात घेऊन केसर उन्हाला पाठ देऊन बसली होती. समोरच्या बंद वखारीवर काल नव्हता तो एक बोर्ड आज झळकत होता – ‘दि भरभराट बँक’. चौथीपर्यंत शिकलेल्या केसरने तो अक्षर अक्षर लावून वाचला आणि अलिबाग आता फारच मोठं होत चाललं, असं मनाशी म्हटलं. तेवढ्यात बँकेचं दार धाडकन उघडलं. आधी एक लठ्ठ माणूस धावत सुटला, मग एक शिडशिडीत, आणि त्यांच्यामागून, निसटलेली वहाण तशीच टाकून, तिसरा.

“चोर! चोर! बँक लुटली!” आतून कुणीतरी ओरडलं.

रस्त्याच्या कडेला इतकी माणसं उभी होती, पण एकानेही पाय हलवला असेल तर शपथ! उलट हसत होती मेली. केसरचं डोकं सणकलं. तिने पाटीतला हातभर रावस शेपटीला धरून उचलला आणि तिसरा चोर समोरून जाताना त्याच्या नडगीवर असा हाणला, की तो थैलीसकट तोंडघशी पडला. दुसऱ्या क्षणी ती त्याच्या पाठीवर बसली होती.

“उठा बाई... उठा,” तो मातीत तोंड खुपसून म्हणाला.

“पोलीस येस्तवर हलायचं न्हाय!”

“पोलीस आलेत. ते बघा – तिथे चहा पितायत.”

केसरने पाहिलं. खरंच, दोन पोलीस बशीत चहा ओतून फुंकत होते.

“मंग धावत का न्हाईत?”

“त्यांचं काम दुपारी आहे.”

एवढ्यात डोक्यावर हॅट, अंगात घामाने भिजलेला सदरा असा एक गृहस्थ टाळ्या वाजवत आला. ते दिग्दर्शक बाळाजीपंत. “कट! बाई, अहो, तो चोर नाही, नट आहे! आम्ही सिनेमा काढतोय.”

आता कुठे केसरला दोरी दिसली, दोरीमागची गर्दी दिसली, तीन पायांवर उभं असलेलं ते काळं यंत्र दिसलं. तिचे कान तापले. पण ओशाळून उठणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

“मंग तसं बोर्डावर लिवायचं ना!” ती म्हणाली, आणि सावकाश, लुगडं झटकत उठली.

तिसरा चोर उताणा झाला. रुमाल घसरला होता. चोवीस-पंचवीसचा सावळा मुलगा. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं, आणि गालावर रावसाचा एक खवला चिकटलेला... उन्हात चमचमणारा.

“नाव काय तुमचं?” त्याने विचारलं.

“चोराला कशाला सांगू?”

“फिर्याद द्यायची तर फिर्यादीचं नाव नको?”

“केसर. थलची,” ती म्हणाली. “आनि हा रावस आता तुजा. असला आपटलेला मासा कोन घेनार?”

तो खवला काढ, असं सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो थळला हजर. केसर वाळवणातले बोंबील उलटत होती.

“रावस शिजवतात कसा, ते विचारायला आलो,” तो म्हणाला.

“काल न्हाय शिजवला?”

“काल मांजरीने नेला.”

“मंग आज काय मांजर शिजवनार?”

ओट्यावर जाळं विणत बसलेली केसरची आई गोदूबाई पदराआड हसली. नवरा गेल्यापासून घरात या दोघीच होत्या. आणि दारी एक होडी, जिच्यावर दोन खलाशी गडी जात.

त्याचं नाव सदा. माणगावाकडच्या एका खेड्यातला, भातशेतीवाल्या रावजींचा धाकटा. मुंबईला गिरणीत लागला होता. पण गणपतीतल्या नाटकात त्याला बघून बाळाजीपंतांनी उचलला, आणि गिरणी सुटली. सिनेमाचं नाव अजून ठरायचं होतं, गोष्ट मात्र ठरली होती. तीन चोर बँक फोडतात आणि नेमकी सुट्टीच्या दिवशी फोडतात. तिजोरीत सापडतो तो मॅनेजरचा विसरलेला जेवणाचा डबा. पळायला टांगा ठरवतात, तर घोडा हलत नाही. लठ्ठ तुळशीराम म्हणजे पहिला चोर, सगळे बेत त्याचे. दुसरा चोर बहिरा. आणि तिसरा... तिसरा प्रत्येक वेळी पडतो.

“तुला काम बरोबर दिलंय,” केसर म्हणाली.

तो पुढेही येत राहिला. कधी बोंबील हवेत म्हणून, कधी बोंबील परवडत नाहीत हे सांगायला. एकदा काहीच कारण सापडलं नाही, तर वाटेतलं सुरूचं बोंड घेऊन आला आणि हे काय असतं, असं विचारू लागला. केसरने ते हातातून घेतलं, बोटं बोटांना लागली, आणि काय असतं ते सांगायचं राहूनच गेलं.

इकडे बाळाजीपंतांनी ठरवून टाकलं होतं, की कोळीण चोराला रावसाने पाडते हा प्रसंग सिनेमात हवाच, आणि तोही केसरकडूनच. बातमी थळला पोचली. केसरचा चुलता धर्माजी जमातीचा पाटील. तो तडक दारात आला.

“कोल्याची पोर सिनेमात नाचनार?”

“नाचनार न्हाय, काका. चोर पकडनार.”

“लोक काय बोलतील?”

“लोक नुसते बगत व्हते. उठले ती मी.”

“येत्या पुनवेला अंबाजीच्या घरची तुला बगाया येनार हायत, केसर!”

“मंग सिनेमातच बगू देत. सगल्यांना एकदम दिसंल.”

धर्माजी दात-ओठ खात गेला. गोदूबाई जाळ्यातून मान वर न करता एवढंच म्हणाली, “तोंडाला रंग लावू नको. आपलं तोंड चांगलं हाय.”

केसरने रंग लावला नाही. पंतांनी लाकडी मासा करून आणला होता. तिने तो उचलून बघितला आणि परत दिला. “ह्यानं पाय मोडंल त्याचा.” सदाने तिच्याकडे फार कृतज्ञतेने पाहिलं. कॅमेरा फिरू लागला. पहिला चोर गेला, दुसरा गेला, तिसरा आला – आणि केसरने मासा उचलायच्या आधीच पडला. पुन्हा घेतलं. पुन्हा तो आधीच पडला. पंतांनी हॅट काढून जमिनीवर आपटली.

“मारायच्या आदीच का पडतोस?” केसर त्याच्यावर वाकून कुजबुजली.

“पडलो होतो तो त्या गुरुवारीच,” तोही हळूच म्हणाला. “उठायचंच राहिलंय...”

पुढच्या खेपेला केसरने असा हात हाणला, की तो खरोखर कळवळला. पंत म्हणाले, हाच! पण पाटी आवरताना केसरने तोच रावस दोनदा पाटीत ठेवला आणि दोनदा बाहेर काढला.

त्या संध्याकाळी सुरूच्या बनात तो नीट बोलला. हसू नव्हतं तोंडावर.

“केसर, मला तुझ्याशी लग्न करायचंय. पण... घरी अजून ठाऊक नाही.”

“माझ्याबद्दल?”

“कशाबद्दलच. बाबा समजतात, मी गिरणीतच आहे.”

केसर एकदम उभी राहिली. “मी गावासमोर तोंड उघडं करून उभी ऱ्हायले. माझा चुलता माझ्या दारात येऊन ओरडून गेला. आनि तू आपल्या बापाला सांगाया भितोस? खोटा चोर मना चालंल रं, सदा. चोरून जगनारा न्हाय चालायचा.”

“सांगेन गं...”

“कदी?”

“होडीचा सीन झाला, की पहिल्या एस.टी.ने.”

होडीचा सीन म्हणजे सिनेमाचा शेवट. चोर थैली घेऊन दर्यात पळतात आणि मध्यावर जाऊन थैली उघडतात. धर्माजीने गावात ताकीद दिली होती, की सिनेमावाल्यांना एकही होडी द्यायची नाही. पंत घरोघर फिरून दमले. शेवटी गोदूबाईने हातातलं जाळं बाजूला ठेवलं.

“होडी माझ्या नवऱ्याची. कोनाला द्यायची ते मी ठरवीन. घ्या माझी.”

खलाशी मात्र धर्माजीला भिऊन आले नाहीत. मग केसरच सुकाण्यापाशी बसली. कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून तिने शिडाचं कापड अंगावर ओढून घेतलं. लहानपणी बापाने तिला होडीत घेतलं होतं. मोठी झाल्यावर बाईमाणसाने होडीवर चढायचं नाही म्हणून जमातीने उतरवलं. आज कापडाखालून सुकाणू धरताना तिला बापाचा हात आठवला. किनाऱ्यावर सगळा गाव लोटला होता. नको म्हणणारेच पुढे उभे होते.

होडी समोरच्या उंदेरी बेटाच्या दिशेने वळली. तुळशीरामला बसून भाषण करायचं होतं. त्याला काय वाटलं कोण जाणे, तो उभा राहिला. “मित्रांनो, आता आपल्याला कुणी...” एवढंच तो म्हणू शकला. होडी कलंडली, कातळाला घासली, आणि थैलीसकट तिन्ही चोर पाण्यात गेले. तुळशीराम होडीला लटकला. दुसरा चोर तुळशीरामला लटकला. सदा कशालाच लटकला नाही. माणगावच्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात खेळलेला मुलगा तो... एकदा हात वर दिसला, आणि मग तोही दिसेना.

केसरने कापड भिरकावलं आणि उडी घेतली.

तिने त्याला वाळूत ओढून आणलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. तिने त्याला पालथा घातला, पाठीवर दणके दिले. पुन्हा दिले. शेवटी तो खोकला, भडभडून पाणी ओकला, आणि केसरला काही भान राहिलं नाही. साऱ्या गावादेखत तिने त्याचं डोकं छातीशी धरलं.

“मेला असतास तर बगितलं असतं तुजं!” ती रडत ओरडत होती. “मेला असतास तर...”

कॅमेरा अजून चालूच होता. बाळाजीपंत गेले आणि त्यांनी कॅमेऱ्यापुढे आपली हॅट धरली.

फळी फुटलेली होडी सगळ्यांनी मिळून वाळूवर चढवली. सकाळच्या एस.टी.ने, अंगात कणकण असतानाच, सदा माणगावला गेला. आणि त्याच दुपारी देवळापुढे जमात बसली.

“परक्या मानसाला गावासमोर मिठी मारलीस,” धर्माजी म्हणाला. “माफी माग. पुनवेला अंबाजीच्या घरी हो म्हन. मंग आमी इसरू.”

“मानूस बुडत व्हता, काका. त्याला काढला. माफी कसली?”

“तुजा तो कोन?”

तो परत येईल की नाही, हेच केसरला माहीत नव्हतं.

“मंग आइका,” धर्माजी उठून उभा राहिला. “आजपासून गोदूच्या होडीला गावच्या गड्याचा हात लागनार न्हाय. गडी चढनार न्हाय. बगू, कशी उतरते दर्यात!”

थळच्या वाळूवरून होडी लोटायची तर दहा-बारा माणसं लागतात, हे पोरसोरंसुद्धा जाणतात. शिक्षा तेवढी पुरेशी होती.

केसर घरी आली, ती थेट हातोडा घेऊन होडीकडे गेली. बापाच्या हत्यारांनी तिने नवी फळी ठोकली, फटी बुजवल्या, डांबर फासलं. जाणारे-येणारे बघून न बघितल्यासारखं करत. शेजारची बायजा तेवढी एकदा थांबली आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, “केसर, डोई झुकव. निभंल.” केसर म्हणाली, “डोई झुकवून फली ठोकता येते, बायजा. जगता न्हाय येत.”

पण एकटी असली, की ती रस्त्याकडे बघायची. सदाचा पत्ता नव्हता. पुनव आली. अंबाजीच्या घरची माणसं येणार होती, ती आली नाहीत. कुणी म्हणालं, सिनेमावाले सामान बांधतायत. केसर कुणाला काही विचारत नव्हती. रात्री गोदूबाई तिच्या केसांतून हात फिरवायची.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मोठी भरती होती. पाणी होडीपासून चार हातांवर आलं. केसरने लुगड्याचा काष्टा कसला, पदर कमरेला खोचला, आणि होडीच्या एका अंगाला खांदा लावला. गोदूबाईने दुसऱ्या अंगाला. होडी तसूभर हलली नाही. धर्माजी आणि जमातीची माणसं वर नारळाखाली उभी होती. कुणी हसलं नाही. ते जास्तच लागलं.

“पुन्ना, आये,” केसर म्हणाली.

“थांब!”

सुरूच्या बनातून कुणीतरी धावत येत होतं. पाठीवर वळकटी, दाढी वाढलेली, पायात मातीने भरलेल्या वहाणा. सदा. त्याच्यामागून धापा टाकत तुळशीराम, बहिरा चोर, आणि हॅट सावरत बाळाजीपंत.

“इतके दिवस?” केसर एवढंच म्हणाली. तिला त्याच्यावर धावून जायचं होतं – मारायला की कशाला, ते तिचं तिलाच कळेना.

“तापाने पडलो होतो. ऐक आधी,” तो धापा टाकत म्हणाला. “सिनेमाचं सांगितलं. बाबा म्हणाले, चोरच व्हायचं होतं तर तिसरा का, पहिला तरी व्हायचा होतास! ते पचलं त्यांना. मग तुझं सांगितलं...” तो थांबला. “म्हणाले, कोळ्याची पोर ह्या घरात चालणार नाही. मी म्हटलं, मग मीही चालणार नाही. आणि निघालो. आई वेशीपर्यंत आली होती... रडत.”

केसर त्याच्याकडे बघत राहिली. तोही घर मागे टाकून आला होता. आता तोलाला तोल होता.

“मना तू पायजेस, सदा,” ती म्हणाली. गावासमोर, खणखणीत. “आता खांदा लाव. पानी थांबायचं न्हाय.”

चोर कामाला लागले. तुळशीरामने जोर लावला तो उलट्या बाजूने. दोघं-तिघं पुढे रेटत होती, तर हा मागे. बहिऱ्या चोराला “हां, आता!” ऐकू गेलं नाही, नुसत्या सिनेमात नव्हे, तो खरंच कानाने कमी होता. पंत हॅट सांभाळताना घसरून वाळूत बसले. नारळाखालच्या माणसांतून कुणीतरी फसकन हसलं. आणि मग बायजा पुढे आली.

“अरं, काय रं हे!” ती ओरडली. “होडी हाय का म्हस? सरा बाजूला!” तिने पदर खोचला. “जमात बोलली, गड्याचा हात लागनार न्हाय. बाईच्या हाताचं कोन बोललं न्हाय.”

“बायजा!” धर्माजी गरजला.

“खोटं बोलले का, पाटील? आमी मासली वाहतो, वाललेलं खारं वाहतो, तुमची पोरं वाहतो. येक होडी जड व्हनार व्हय?”

एक आली. मग दोघी. मग वाळवणांवरून, ओट्यांवरून, हातातलं काम टाकून बाया येऊ लागल्या. होडीच्या दोन्ही अंगांना हिरवी, लाल लुगडी दाटली. बायजाने सूर धरला, बाकीच्यांनी उचलला, आणि त्या आवाजासरशी होडीखालची वाळू करकरली. तुळशीरामला दोघींनी उचलून योग्य बाजूला आणून ठेवलं. एक... आणखी एक... आणि पहिली लाट होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, भिडली.

धर्माजी पाण्यापर्यंत चालत आला होता. त्याचा आवाज आता तेवढा मोठा नव्हता. “केसर, बाईनं होडी नेली न्हाय आजवर.”

“म्हायती हाय, काका.”

“आनि हा? हा कोन तुजा, ते तरी सांग.”

“नवरा व्हनार हाय माझा. हलद लावाया आलास तर पहिली तुजी. न्हाय आलास तर आये लावील.”

धर्माजीने भावजयीकडे पाहिलं. गोदूबाईने नजर खाली घेतली नाही. होडी एका लाटेने आडवी होऊ लागली तेव्हा धर्माजीच्या हातांना राहवलं नाही. त्याने नाळ धरली, सरळ केली आणि लगेच हात मागे घेऊन धोतराला पुसले.

केसरने शीड सोडलं. वारा भरला. सदा होडीत चढला खरा, पण कशाला धरावं हे त्याला कळेना, म्हणून तो सुकाण्यावरच्या केसरच्या हाताला धरून बसला. किनाऱ्यावर बाया ओरडत होत्या, पंत हॅट हलवत होते. हळूहळू सगळी लहान होत गेली. खांदेरी बेटावरचा दीपस्तंभ डावीकडे आला, लाटा उंच झाल्या, आणि सदाचा चेहरा हिरवा पडू लागला.

“केसर...” तो डोळे मिटून म्हणाला, “अजून किती लांब जायचंय?”

तिने त्याचं डोकं खांद्यावर घेतलं आणि सुकाणू थोडं बाहेरच्या अंगाला, मोकळ्या दर्याकडे वळवलं.

“लांब?” ती हसली. “आरं, आताशी तर निगालोय.”